तीस रुपयांत चौदा वर्षांखालचा सामना : पोरं पास, आयोजकांना एटीकेटी

आधी व्यवहाराचं बोलतो. तिकीट तीस रुपये, दुचाकीचं पार्किंग दहा. एवढ्यात चौदा वर्षांखालच्या पोरांचे फुटबॉलचे दोन सामने, असं पत्रकावर छापलं होतं. मैदान कोल्हापूर शहराबाहेर, लाल मातीचं. मैदानाचं आणि आयोजकांचं नाव मुद्दाम लिहीत नाही. एक तर पुढं थोडं कडू लिहिणार आहे, आणि दुसरं म्हणजे त्यातली दोन माणसं जळालेल्या विजेच्या मोटारी भरून घ्यायला माझ्याकडेच येतात.

माझं उद्यमनगरात मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. तरुणपणी पेठेतल्या एका संघाच्या 'ब' टीममध्ये लेफ्ट बॅक खेळायचो. आमच्या वेळी लेफ्ट बॅक म्हणजे जो दुसरीकडं कुठंच चालत नाही तो. खेळ सुटला, पण स्टँड सुटला नाही. शाहू स्टेडियम ज्या जागेवर आहे तिथं पूर्वी रावणेश्वराचं तळं होतं. आमच्यासारखी माणसं त्या तळ्यातली जुनी कासवं असावीत, मॅच लागली की पायरीवर येऊन बसतात. पाटाकडील-शिवाजी असो की दिलबहार-खंडोबा, गावातल्या कुठल्याही दोन संघांचा सामना असो, पास द्यायच्या आधी तो कुणाला द्यायचा हे पायरीवरनं ओरडून सांगितल्याशिवाय आम्हाला घास गिळत नाही.

त्यामुळं पोरांचा सामना बघायला गेलो, तो स्टँडची सवय घेऊनच. सोबत आमच्या गल्लीतले तात्या. वय सत्तरीच्या पुढं. गुडघे गेलेत, नजर शाबूत.

सामन्याची वेळ साडेआठ. सुरू झाला नऊ पन्नासला. पाहुणे यायचे होते. ते आल्यावर पोरं रांगेत उभी, हस्तांदोलन, फुगे, मग भाषण, मग आणखी एक भाषण. पाहुण्यांनी चेंडूला पाय लावला तेव्हा फोटोग्राफरला नीट मिळालं नाही म्हणून परत एकदा लावला. पोरं तोवर उन्हात. वॉर्मअप करून अंग गरम केलेलं, ते उभ्या उभ्या गार होऊन परत तापलं. माईकवाल्याला कुणीतरी आवरायला हवं होतं. पहिल्या पाच मिनिटांत त्यानं तीन मेस्सी आणि दोन रोनाल्डो जाहीर केले.

खेळाडूंची यादी कुठंच लावलेली नव्हती. निळ्या संघात दोन दहा नंबर होते, त्यातल्या एकाच्या पाठीवर पांढरी चिकटपट्टी लावून तो एकोणीस केलेला. मलाही पोरांची नावं लिहायची नाहीत, नंबरांवर भागवू.

निळ्यांचा अकरा नंबर हा स्टँडचा लाडका. डाव्या बाजूनं सुटला की दोन पोरं सहज कट मारून जायचा. पहिल्यांदा गेला तेव्हा शिट्ट्या, दुसऱ्यांदा गेला तेव्हा मागनं आवाज, "ह्याला पुढच्या सीझनला 'ए' टीमला घ्या!" तेरा वर्षांचं पोरगं, ते ऐकून त्याची मान ताठ झाली. तिसऱ्यांदा दोघांना काढलं, तिसऱ्याला काढायला गेला आणि बॉल घालवला. आठव्या मिनिटाला मात्र त्यानंच गोल केला. उजवीकडनं आलेला क्रॉस खडा लागून उडाला, गोली फसला, ह्यानं छातीनं ढकलला. लाल मातीवर असे गोल होतातच, पण ठिकाणावर होता हे त्याचं श्रेय.

पिवळ्यांचा नऊ नंबर दिसला तसा स्टँड हसला. मिसरूड फुटलेली, मांड्या पैलवानाच्या. "आधार कार्ड बघा रं त्याचं!" हे पहिल्या मिनिटाला एकदा आणि नंतर त्यानं धक्का दिला की दर वेळी. वयचोरी आपल्याकडं होते हे खरं आहे. फिफानंसुद्धा 2009 पासून सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात वय तपासायला पोरांच्या मनगटाचं एमआरआय सुरू केलं, ते उगाच नाही. पण मोठं दिसणारं प्रत्येक पोरगं चोर नसतं. वयोगट एक जानेवारीला मोजतात. जानेवारीत जन्मलेलं आणि डिसेंबरात जन्मलेलं पोरगं एकाच गटात येतं, आणि तेराव्या वर्षी एक वर्षाचा फरक म्हणजे एकाला मिसरूड आणि दुसऱ्याचा अजून आवाजही फुटलेला नाही. आम्ही पायरीवरची माणसं हा फरक खेळातला फरक समजून निकाल देतो. लहानखुरं असेल तर ठरलेलं वाक्य : "दोन भाकरी जास्त खा म्हणावं."

भाकरीवरनं निकाल देणारे फक्त आपल्याकडंच आहेत असंही नाही. इंग्लंडच्या शेफील्ड वेन्सडे क्लबनं जेमी वार्डीला सोळाव्या वर्षी नारळ दिला, कारण अंगानं लहान. तोच पुढं 2016 मध्ये लेस्टरकडनं प्रीमियर लीग जिंकला.

आणि मीही काही वेगळा नाही, हे कबूल करतो. 2017 ला सतरा वर्षांखालचा विश्वचषक आपल्याकडं झाला. आमच्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारताकडनं दिल्लीत खेळला. तिथं जाणं काही जमलं नाही, पण स्पेन-माली उपांत्य सामना नेरूळला डी. वाय. पाटीलवर होता, म्हणून रात्रीच्या गाडीनं मी आणि मेव्हणा गेलो. 25 ऑक्टोबर. स्पेन 3-1 जिंकला. आबेल रुईझनं दोन मारले आणि मी मेव्हण्याला छातीठोक सांगितलं, "हे पोरगं लिहून ठेव. दहा वर्षांत जगात पहिल्या पाचात." तिसरा गोल केलेल्या पोराकडं मी नीट बघितलंही नाही, त्या वेळी बहुतेक पाण्याची बाटली शोधत होतो. तो फेरान टॉरेस. मँचेस्टर सिटी, बार्सिलोना, 2024 ला युरो जिंकलेल्या संघात. रुईझ चांगलाच खेळाडू आहे, अजून खेळतो, पण मेव्हणा दर दिवाळीला तो कागद मागतो.

तरी खोड जात नाही. या सामन्यातही पहिली वीस मिनिटं मी अकरा नंबरच बघत होतो. तात्या म्हणाले, "ते निळ्याचं सहा नंबर काय करतंय रं? नुसतं हुभं हाय." मीही बघितलं. किडकिडीत पोरगं, जर्सी गुडघ्याला टेकायला आलेली, मोजे घसरलेले. पळत नव्हतं. ड्रिबल नाही, फटका नाही. मी म्हणालो, "तात्या, कोच त्याचा मामा असणार."

आमच्या धंद्यात मोटार बिघडलीय का बघायला एक जुनी रीत आहे. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या घरावर ठेवायचं आणि मूठ कानाला लावायची. बाहेर कारखान्याचा कितीही कालवा असो, आतला आवाज सरळ कानात येतो. बेअरिंग ठीक असेल तर काही ऐकू येत नाही, बारीक घोंगावल्यासारखं फक्त. नव्या पोराला वाटतं, आपलं काहीतरी चुकलं. पूर्वार्ध संपायला सातेक मिनिटं असताना माईकवाल्याचा चहा आला, तो गप्प झाला, आणि मला त्या सहा नंबरचा आवाज लागला.

त्याच्याकडं बॉल यायच्या आधी ते पोरगं मान वळवून मागं बघत होतं. एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं. मग बॉल आला की थांबवायचाच नाही, एका टप्प्यात ज्याला द्यायचा त्याला देऊन मोकळा. मी मोजायला लागलो. सात वेळा बॉल आला, सातही वेळा आधी मागं बघितलेलं. एकदा तर मागनं तो मिशीवाला नऊ नंबर रेड्यासारखा येत होता. ह्यानं बॉल पायाखालनं तसाच जाऊ दिला, मागच्या स्टॉपरकडं, म्हणजे मधल्या बचावपटूकडं, आणि स्वतः दोन पावलं बाजूला झाला. नऊ नंबर वाऱ्याला धडकून गेला. स्टँडमध्ये कुणी टाळी वाजवली नाही. कशाला वाजवतील, त्यानं काही केलंच नव्हतं ना! पिवळ्यांचा पास जिथं पडणार तिथं हे पोरगं आधीच उभं असायचं, म्हणून ते पळताना दिसत नव्हतं.

मी तात्यांना दाखवलं. तात्यांनी चष्मा पुसला, दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाले, "हां. हे शिकवलेलं न्हाई. हे त्याला दिसतंय."

मध्यंतरात पाय मोकळे केले. कटवडा वीस रुपये, कट झणझणीत, पाव कालचा. पिण्याचं पाणी एका टाकीत, ग्लास एकच आणि तो साखळीला बांधलेला. प्रथमोपचाराची पेटी टेबलावर होती. तिच्यात काय होतं ते कळलं नाही, कारण पिवळ्यांच्या राइट हाफचा घोटा मुरगळला तेव्हा किल्ली सापडेना. शेवटी उसाच्या रसवाल्यानं बर्फाचा एक तुकडा रुमालात गुंडाळून दिला. त्याच बर्फातला मी दहा मिनिटांनी रसात प्यालो. रस चांगला होता, आलं-लिंबू बरोबर. या आयोजनातली सगळ्यात चोख सेवा कुठली विचाराल तर रसवाला.

तिथंच एक तरुण, हातात पॅड, गळ्यात ओळखपत्र, अकरा नंबरच्या वडिलांशी बोलत होता. कुठल्याशा निवासी अकादमीचा माणूस. पोराचं भविष्य, परदेशी प्रशिक्षक, असं बरंच. मग फीचं पत्रक. वडिलांच्या पायात कामावरचे बूट होते, थेट नाइट शिफ्टवरनं आलेले असावेत. त्यांनी आकडा वाचला, कागदाची नीट घडी घातली आणि शर्टाच्या वरच्या खिशात ठेवला. फेकला असता तर मला बरं वाटलं असतं. त्या पॅडवाल्याला मी सहज विचारलं, सहा नंबर कसा वाटला? त्यानं पॅड चाळलं. सहा नंबरचा रकाना कोरा होता.

उत्तरार्धाच्या पंधराव्या मिनिटाला सहा नंबर बाहेर आला. बदली. स्टँडमधनं एक-दोघांनी "बरं केलं" असंही म्हटलं. मला राहवेना. उठलो, मागच्या बाजूनं फाटकाकडं गेलो. पोरगं तोवर चप्पल घालून, बुटांच्या नाड्या एकमेकींत बांधून दप्तराला लटकवून निघालेलं.

"काय रं, पाय दुखावला काय?"

"न्हाई काका. साडेअकराची गाडी हाय. ती गेली की थेट तीनला."

भुदरगड तालुक्यातल्या एका वाडीवरचा निघाला. इथनं एस्टी स्टँडला जायलाच अर्धा तास.

"मग सरांना आधी सांगायचं न्हाईस?"

"सांगितलं हुतं की. पावणेदहाला मॅच संपती म्हणाले." थोडं थांबला आणि म्हणाला, "काका, तेवढं अकरा नंबरला सांगा. बॉल गेला की माघारी ये म्हणावं."

मी जागेवर येईपर्यंत 1-1 झालेलं होतं. मधली जागा सताड उघडी. पिवळ्यांचा स्टॉपर सरळ नऊ नंबरला बॉल देत होता, मध्ये अडवायला कुणी नाही. अकरा नंबर पुढंच कमरेवर हात ठेवून उभा. सहा मिनिटांत दुसरा गोल, परत नऊ नंबरच. 1-2, तिथंच संपलं. स्टँडनं निकाल दिला तो असा : नऊ नंबर राक्षस, गोली भिकार. गोली रडत होता. त्याच्यापर्यंत बॉल का पोचला, हे कुणी विचारलं नाही. बक्षीस-बिक्षीस काही नव्हतं, पण माईकवाल्यानं सामनावीर अकरा नंबरला जाहीर केला.

मी तात्यांना गाडीचं सांगितलं. ते बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "म्हंजे दोन्ही गोल एस्टीनंच मारले म्हण की."

एस्टी बिचारी वेळेवर होती. ऐंशी मिनिटं उशीर झाला तो इथं.

दुसरा सामना बघायला थांबलो नाही. डोकं वरनंही तापलं होतं आणि आतनंही.

जावं का? जावं. तीस रुपयांत एवढी पोरं बघायला मिळतात, टोपी आणि पाण्याची बाटली घरनं न्यावी, सुट्टे पैसे न्यावेत, माईकपासनं लांब बसावं. पहिली दहा मिनिटं बॉल सोडून दुसरं काहीतरी बघावं, जमलं तर. गटातला पुढचा सामना रविवारी आहे, निळा संघ परत खेळतोय, पत्रकावर वेळ साडेआठच छापलीय. पत्रकावरच्या नंबरला मी मेसेज टाकला : पाहुणे उशिरा आले तरी चालेल, तुम्ही सामना वेळेत सुरू करा, निळ्यांच्या सहा नंबरची गाडी साडेअकराची आहे.

दोन निळ्या खुणा आल्यात. उत्तर अजून नाही.