वापरलेल्या फिल्म स्कॅनरच्या नावाखाली २९,८६० रुपयांना गंडा

जुन्या निगेटिव्ह आणि स्लाइड घरीच डिजिटल करण्यासाठी ऑनलाइन जाहिरात पाहून मी वापरलेला फिल्म स्कॅनर मागवला आणि त्यात माझे २९,८६० रुपये गेले. घरात निगेटिव्हचे डबे पडून असलेल्या कोणालाही हा विक्रेता मला दाखवला तोच स्कॅनिंगचा व्हिडिओ दाखवील, म्हणून सगळे आकड्यांसह लिहीत आहे.

स्वस्ताच्या मोहाने मी हे केले, असे कोणी समजू नये. वडिलांनी क्लिक थ्री कॅमेऱ्याने सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेचे, नंदीध्वजांच्या मिरवणुकीचे फोटो काढले होते. त्या कृष्णधवल निगेटिव्ह १२० फिल्मवरच्या, ६ × ६ सेंटीमीटरच्या आहेत. पुढे ३५ मिलिमीटरची रंगीत फिल्म आणि स्लाइड आल्या. सगळ्या मिळून नऊशेच्या आसपास चौकटी भरतात. काही डब्यांतून व्हिनेगरसारखा आंबूस वास येऊ लागला होता, म्हणजे ॲसिटेटची फिल्म विघटित होऊ लागली होती, आणि सोलापूरच्या उन्हाळ्यात हे काम थांबून राहत नाही. बाहेरगावच्या लॅबने चौकटीमागे ४० रुपये सांगितले, म्हणजे ३६,००० रुपये, शिवाय मूळ फिल्म कुरिअरच्या हवाली करायची. बाजारातले छोटे फिल्म स्कॅनर म्हणजे एक दिवा आणि त्यासमोर लहानसा कॅमेरा. त्यांत बहुधा ३५ मिलिमीटरची पट्टीच बसते. झाकणात दिवा असलेला, सपाट काचेचा (फ्लॅटबेड) स्कॅनर घेणे हाच हिशेब योग्य होता, आणि तो आजही मला योग्यच वाटतो.

एप्सन परफेक्शन व्ही ६०० हे यंत्र २७,५०० रुपयांना देतो, असे विक्रेत्याने सांगितले. बुकिंगचे ५,००० रुपये आधी आणि २२,५०० रुपये पार्सल बांधल्याचा फोटो पाठवल्यावर, असे ठरले. त्यानंतर "काका, काचेची वस्तू आहे, विम्याची रक्कम परत मिळते," असे म्हणून त्याने आणखी २,३६० रुपये घेतले.

मला सर्वांत जास्त चीड येते ती त्या व्हिडिओची. त्यात तो निगेटिव्हची पट्टी काचेवर ठेवतो, झाकण लावतो आणि लॅपटॉपवर सुंदर चित्र उमटते. झाकण खाली येताना त्याच्या आतल्या बाजूला पांढरी चटई स्पष्ट दिसते. फिल्म स्कॅन करताना ती चटई काढावीच लागते, कारण झाकणातला दिवा तिच्यामागे असतो आणि प्रकाश फिल्ममधून आरपार जावा लागतो. व्हिडिओत मात्र प्रकाशाची रेघ खालून, काचेखालून सरकत होती. तशा स्कॅनमध्ये निगेटिव्हची काळपट पट्टी येते, चित्र येत नाही. हे तिथेच, डोळ्यांसमोर होते. पण ज्याने असे यंत्र आयुष्यात कधी पाहिलेले नाही, त्याने ते कशावरून ओळखावे? धूळ पुसणाऱ्या डिजिटल आइसबद्दल तो सफाईने बोलत होता. कृष्णधवल फिल्मवरचे ओरखडेही ते काढते, असे त्याने ठामपणे सांगितले आणि तेही खोटे निघाले. ती सोय इन्फ्रारेड किरणांवर चालते. नेहमीच्या कृष्णधवल फिल्ममधली चांदी ते किरण अडवते, म्हणून चांदीच्या फिल्मवर तिचा उपयोग होत नाही. एवढा एक प्रश्न तुम्ही जरूर विचारा. विक्रेता "होय" म्हणाला, तर तिथेच फोन ठेवा.

पार्सलमध्ये कागदपत्रे स्कॅन करणारे साधे जुने यंत्र निघाले. नाव झाकण्यासाठी चिकटवलेली पट्टी सोलल्यावर खाली एखाद्या कार्यालयाचा मालमत्ता क्रमांक दिसला. कुरिअरच्या पावतीवर वजन २ किलो १०० ग्रॅम होते. खऱ्या यंत्राचे वजन चार किलोच्या आसपास असते. पावतीवरचे वजन पाहिल्याशिवाय उरलेले पैसे कोणी देऊ नयेत, आणि खोके उघडताना सलग चित्रीकरण करावे.

बँकेत सांगण्यात आले की पिन तुम्हीच टाकला, त्यामुळे आम्ही काही करू शकत नाही. मग पिन चोरून टाकला असता तरच ती फसवणूक ठरली असती काय? पोलीस ठाण्यात तर "वस्तू मिळाली ना तुम्हाला? मग हा देवघेवीचा वाद आहे," असे म्हणून अर्ज बाजूला सरकवला. वाद न मिटल्यावर "विक्रेता पुण्याचा आहे, तिकडे जा," असे उत्तर मिळाले. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कुठेही घडला असला तरी कोणत्याही ठाण्यात माहिती नोंदवता येते, आणि फसवणुकीसाठी भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ आहे. ही कलमे मी कागदावर लिहून नेली होती, तरी त्या कागदाकडे कोणी पाहिलेसुद्धा नाही. ज्येष्ठ नागरिकाला बाकावर ताटकळत ठेवायचे आणि शेवटी "एवढ्या रकमेसाठी कशाला त्रास घेता," असे विचारायचे, हे मला पैशांपेक्षा जास्त लागले. रक्कम लहान की मोठी, हे ज्याची गेली तो ठरवील. जाहिरातीच्या संकेतस्थळाने, पैसे आमच्यामार्फत दिलेले नाहीत, एवढेच कळवले.

फसवणूक लक्षात येताच आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करा. पैसे दुसऱ्या खात्यात वळण्यापूर्वी ते गोठवता येतात, आणि ठाण्यातल्या चर्चेत नेमका तोच वेळ जातो. व्यवहार क्रमांक, संभाषण आणि विक्रेत्याचा यूपीआय पत्ता लगेच जपून ठेवा, कारण माझ्याशी झालेले संदेश त्याने दुसऱ्याच दिवशी पुसले.

तोच व्हिडिओ आता वेगळ्या नावाने, २४,००० रुपयांच्या किमतीसह पुन्हा झळकत आहे. निगेटिव्हच्या पट्टीच्या उजव्या कडेला बोटाचा ठसा आहे, आणि झाकणात ती पांढरी चटई तशीच आहे.