गूगल स्लाइड्सचा पोर्टफोलिओ: नववीच्या वर्गात वर्षभर वापरून

सातारा जिल्ह्यातल्या एका अनुदानित शाळेत मी नववी-दहावीला विज्ञान शिकवते. जर्नल तपासून तपासून विटले होते. पंचेचाळीस वह्या, आणि निरीक्षण सगळ्यांचं एकच! एकीने 'लिटमस'चं 'लिमटस' केलं की पुढच्या नऊ जणी 'लिमटस'च लिहिणार. म्हणून गेल्या जूनमध्ये ठरवलं, मुलांचा डिजिटल पोर्टफोलिओ करून बघू.

आधी एक पैसे भरायचं ॲप घेतलं. नाव लिहीत नाही. तारे, बिल्ले, रंगरंगोटी भरपूर. पण मराठी टाइप केलं की जोडाक्षरं फुटायची, आणि मुलांचं काम त्यातून बाहेर काढायचं कसं, ते शेवटपर्यंत कळलं नाही. दोन महिन्यांत गुंडाळलं.

मग साधं गूगल स्लाइड्स. प्रत्येकाचं एक प्रेझेंटेशन, दर प्रयोगाला चार स्लाइड: माझा अंदाज, फोटो, काय दिसलं, आता काय वाटतं. नियम एकच, अंदाज चुकला तरी खोडायचा नाही. कुणी हळूच बदललाच, तर व्हर्जन हिस्टरीत जुना मजकूर सापडतो. हे मुलांना पहिल्याच आठवड्यात कळलं, माझं काम हलकं झालं.

'आम्ल, आम्लारी व क्षार' या धड्याचं एक उदाहरण देते. हळदीचे कागद करून घरी पदार्थ तपासायचे होते. एका मुलीचा अंदाज: 'सोडावॉटर आम्लारी, कारण त्यात सोडा असतो.' हळदीचा कागद आम्लारीत लाल होतो, पण फोटोत पिवळाच. खाली लिहिलंय, 'कागद खराब आहे.' जर्नल असतं तर तिने शेजारणीचं उत्तर उतरवून विषय संपवला असता. इथे मी कॉमेंटमध्ये एवढंच विचारलं, 'खराब आहे हे कसं ठरवलंस?' दुसऱ्या दिवशी फोटो आला: तोच कागद चुन्याच्या निवळीत लालभडक. म्हणजे कागद ठणठणीत! मग शाळेत निळा लिटमस मागून घेतला, सोडावॉटरमध्ये तो लालसर झाला, म्हणजे आम्ल. चौथ्या स्लाइडवर तिचं वाक्य: 'बाई, सोडावॉटरमधला सोडा फक्त नावाला आहे, आत कार्बन डायऑक्साइड आहे.' खाण्याचा सोडा आणि सोडावॉटर यांतला फरक मी वीस वर्षं फळ्यावर लिहितेय. असं वाक्य मला कुणी परत दिलं नव्हतं.

आता अडचणी. घरात फोन एक, तोही वडिलांबरोबर मार्केट यार्डात, त्यामुळे कामं रात्री नऊनंतर येतात. प्रेझेंटेशन आधी ऑफलाइन करून ठेवलं तर रेंज नसतानाही लिहिता येतं, हे मला दिवाळीनंतर समजलं. फुकट खात्यात १५ जीबी जागा असते, ती जीमेल आणि फोटोंसकट. एकाने सायफनचा अकरा मिनिटांचा व्हिडिओ टाकला, निम्मा वेळ बादली भरतेय. आता व्हिडिओ एक मिनिटाचाच. शेअरिंग फक्त माझ्यापुरतं आणि वर्गातल्या एका जोडीदारापुरतं ठेवते आणि फोटोत चेहरे नकोत म्हणून सांगते. पालकांची लेखी संमती जूनमध्येच घेतली होती.

तपासायला जर्नलच्या दुप्पट वेळ लागतो, हे आधीच सांगून ठेवते. पंचेचाळीस जणांना दर आठवड्याला कॉमेंट देणं जमत नाही. मी रोज जमतील तेवढे बघते, बाकीच्यांचं जोडीदाराने बघायचं. जोडीदाराच्या कॉमेंटा बहुतेक 'छान' आणि अंगठा. त्यावर अजून उपाय सापडलेला नाही.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातल्या प्रगतिपत्रकात स्वतःचं आणि सोबत्यांचं मूल्यमापन आहे, त्यामुळे मुख्याध्यापकांनी हरकत घेतली नाही. पण दहावीला प्रात्यक्षिकाचे २० गुण आहेत, म्हणून कागदी जर्नल काही सुटत नाही. सध्या दोन्ही चालू. फक्त आता जर्नलमध्ये 'लिमटस' दिसलं, की मी त्या सोडावॉटरवाल्या मुलीची स्लाइड उघडून बघते.

पाचपैकी साडेतीन. अर्धा गुण त्या 'छान'मुळे कापला.