नऊ जणांची बैठक आणि बाकीचा मंच

उद्योग आणि तंत्रज्ञान क्षेत्रांतील वरिष्ठांना एकत्र आणणाऱ्या एका मंचाचे माझे पहिले वर्ष नुकतेच पूर्ण झाले. माहितीपत्रकात वार्षिक संमेलनाची झगमगती छायाचित्रे पहिल्याच पानावर होती. प्रत्यक्षात माझ्या पदरात जे पडले, ते महिन्यातून एकदा बंद दाराआड भरणाऱ्या नऊ जणांच्या बैठकीतून.

या गटात एकाच व्यवसायातील दोन प्रतिस्पर्धी बसवले जात नाहीत आणि बैठक चॅटम हाउस नियमाने चालते. १९२७ सालच्या या नियमानुसार ऐकलेली माहिती बाहेर वापरता येते, मात्र ती कोणी सांगितली आणि सांगणारा कोणत्या संस्थेचा, हे उघड करता येत नाही. त्याच्या जोडीला दुसरा दंडक असा की, सल्ला द्यायचा नाही, केवळ स्वतःचा अनुभव सांगायचा. मला हे सुरुवातीला पोरकट वाटले होते. पुढे आमची जुनी संगणक प्रणाली क्लाउडवर हलवण्याचे काम रखडले, तेव्हा एका सभासदाने आपल्याकडे तेच काम दोनदा का फसले हे सविस्तर सांगितले: जुनी आणि नवी यंत्रणा काही महिने समांतर चालवण्याचा खर्च त्यांनी अंदाजपत्रकात धरलाच नव्हता. आमच्याही अंदाजपत्रकात तो नव्हता. कोणी उपदेश केला असता, तर मी बहुधा वाद घातला असता.

लागोपाठ तीन बैठका चुकवणाऱ्याची जागा जाते, हा नियमही येथे खरोखर पाळला जातो.

संमेलनाविषयी मात्र असे म्हणवत नाही. नवी माहिती जिवलग मित्रांपेक्षा तोंडओळखीच्या माणसांकडून अधिक मिळते, कारण मित्रांना ठाऊक असलेले आपल्यालाही बहुतेक ठाऊक असते, असे समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये मांडले. मोठ्या मेळाव्यांचे खरे समर्थन हेच. पण तोंडओळख व्हायलाही मोकळा वेळ लागतो, आणि येथे भाषणामागून भाषणे होती, त्यांपैकी अनेक तर प्रायोजकांच्या उत्पादनांची जाहिरातच. सभासदाच्या हाती निर्णयाधिकार हवा, या अटीबद्दल प्रवेशाच्या वेळी माझी बारकाईने चौकशी झाली होती. प्रायोजकांच्या विक्री प्रतिनिधींना ती अट नसावी, कारण चहाच्या पंधरा मिनिटांत मला भेटलेले चौघेही तेच होते.

मंचाचे ॲप म्हणजे सभासदांची शिळी यादी. नोकरी सोडून गेलेली माणसे तेथे अजून जुन्याच खुर्चीत बसलेली दिसतात.

छोट्या गटाचे सभासदत्व स्वतंत्रपणे घेता येत नाही, त्यामुळे मी पूर्ण शुल्क भरून नूतनीकरण केले आणि संमेलनाला येणार नसल्याचे समन्वयकांना लेखी कळवले. त्यांनी नम्रपणे आभार मानले आणि पावतीसोबत संमेलनाची प्रवेशिका पाठवून दिली.