नागपूर ते मुंबई: विमान की दुरांतो?

नागपूर ते मुंबई हवाई अंतर जेमतेम 680 किलोमीटर, रुळावरून 837. तिकिटावर विमानाला दीड तास, दुरांतोला साडेअकरा. आकड्यांवर गेलात तर विमानच घ्याल. पण फोर्टात किंवा मंत्रालयात सकाळी अकराचं काम असेल, तर थोडं थांबा.

सकाळी सहाचं विमान धरा. सामान द्यायचं काउंटर साधारण तासभर आधी बंद होतं, म्हणजे साडेचारला सोनेगावला हजर आणि साडेतीनला उठणं आलं. त्या वेळी मेट्रो नसते, कॅब आदल्या रात्रीच सांगून ठेवावी लागते. मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. सकाळच्या गर्दीत विमान वरच घिरट्या घालतं. मग पट्ट्यावर बॅगेची वाट, पुढे मेट्रो. फोर्टात पोचेपर्यंत नऊ वाजलेले असतात. म्हणजे दीड तासाचे झाले साडेपाच, वर झोपेचं खोबरं. अकराच्या मीटिंगमध्ये डोळे चुरचुरत बसावं लागतं. मला विमानाची हीच एक गोष्ट पटत नाही. बाकी तक्रार नाही.

दुरांतो रात्री पावणेनऊच्या आसपास सुटते. घरून जेवून निघा, वर्धा मागे पडलं की आडवं व्हा, सकाळी आठच्या सुमारास सीएसएमटी. सामानाचाही जाच नाही. विमानात चेक-इनला बहुधा 15 किलोच मिळतात. संत्र्यांची एक पेटी ठेवली की कपड्यांना जागा उरत नाही. लोणच्याची बरणी तर हातातल्या बॅगेत चालतच नाही.

दुरांतोतही खोट आहे. भाडं फ्लेक्सी, आसनं भरतील तसं चढत जातं. आरक्षण 60 दिवस आधी उघडतं, तेव्हाच काढलेलं बरं. पावसाळ्यात कसारा घाटात किंवा कल्याणच्या पुढे गाडी रखडू शकते, म्हणून दहाच्या आतलं काम ठेवू नका.

काम बीकेसी, अंधेरी किंवा पवईत असेल, किंवा त्याच रात्री परतायचं असेल, तर मात्र विमानच बरं. परतताना हिवाळ्यात पश्चिमेचा वारा पाठीशी असतो, काही मिनिटं वाचतात. तिकीट काढताना बीओएम आहे की एनएमआय, हे नक्की बघा. बीओएम म्हणजे मुंबईचा जुना विमानतळ, एनएमआय म्हणजे नवी मुंबईचा. तिथून फोर्ट गाठायला अटल सेतूनेही बराच वेळ जातो.

गाडीने समृद्धी महामार्गाचा पर्याय चौघं असाल आणि चालवणारे दोघं असाल तरच. शिवमडका ते आमणे 701 किलोमीटर सरळ काँक्रीट, डोळा लागायला तेवढं पुरतं. उन्हाळ्यात निघण्यापूर्वी थंड टायरची हवा तपासा.

दोन दिवसांचं काम असेल, तर जाताना दुरांतो आणि येताना दुपारचं विमान, हा मेळ मला सगळ्यांत सोयीचा वाटतो. रात्रीचं शेवटचं विमान शक्यतो टाळा, दिवसभराचा उशीर साचत साचत त्याच्याच वाट्याला येतो.