सामोसिर बेट: मुक्काम तुकतुकला की पांगुरुरानला?

सुमात्रातल्या टोबा तळ्यावर जायचं ठरलं की सामोसिर बेटावर राहायचं हेही ओघाने ठरतंच. प्रश्न उरतो तो कुठल्या टोकाला? पूर्वेला तुकतुक, पश्चिमेला पांगुरुरान. मी दोन्हीकडे राहिलोय.

तुकतुकला नावं ठेवायला जीभ रेटत नाही. मी उतरलो होतो तिथल्या पायऱ्या थेट तळ्यात जात. सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीच्या महास्फोटाने पडलेल्या खड्ड्यात आपण सकाळी सकाळी डुंबतोय, याची गंमत वाटायची. इतिहासही हाकेच्या अंतरावर: तोमोकला सिदाबुतार राजांची दगडी थडगी, आंबारिताच्या सियालागान वस्तीत न्यायनिवाड्याच्या दगडी खुर्च्या. स्कूटर घेतली की दोन्ही एका सकाळीत होतात. तोमोकची दुकानांची गल्ली मात्र डोळे मिटून पार करावी.

माझं घोडं अडलं ते बोटीपाशी. विमान मेदानला दुपारी उतरलं, तुकतुकची बोट सुटते त्या पारापातपर्यंतचा रस्ता चार-पाच तासांचा, त्यात पाऊस. धक्क्यावर पोचलो तेव्हा शेवटची बोट सुटलेली. समोर बेटावरचे दिवे दिसतायत आणि आपण अलीकडे, ओल्या बॅगा घेऊन! ती रात्र पारापातला काढली. परतीच्या दिवशीही पहाटेपासून लक्ष बोटीच्याच वेळेकडे.

पांगुरुरानला ही कटकट नाही. मुळात सामोसिर पूर्ण बेट झालं तेच डचांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथली चिंचोळी जमीन खणून कालवा काढल्यामुळे. आता त्यावर पूल आहे. तेलेच्या घाटातून गाडी थेट गावात येते. वळणांनी पोट ढवळतं, पण पोचायला उशीर झाला तरी कुणी आपल्याला सोडून जात नाही. इथले मूळचे बाताक लोक ज्याला आपल्या मूळपुरुषाचं ठिकाण मानतात तो पुसुक बुहित डोंगर समोरच. त्याच्या पायथ्याशी गंधकाच्या पाण्याची कुंडं आहेत. चढून आल्यावर त्यात पाय सोडून बसलो, उठवेना. कपड्यांना वास दोन दिवस राहिला, ते सोडा. तळ्यातल्या बेटावरचं तळं, सिदिहोनी, तेही इथून जवळ.

गाव तसं साधं, बाजारपेठेचं. खोलीतून तळं दिसेलच असं नाही, संध्याकाळी करमणूकही फारशी नाही. पहिल्यांदाच जात असाल, हाताशी दोनच दिवस असतील आणि पोहायची हौस असेल, तर तुकतुकला जा. फक्त विमान सकाळचं घ्या. चार दिवस असतील तर मी पांगुरुरानलाच खोली घेईन आणि आंबारिता-तोमोकसाठी एक दिवस स्कूटरवर ४०-४५ किलोमीटर जाईन, वाटेत सिमानिन्दोचं संग्रहालय बघत.