लहान गच्ची, मोठी गच्ची: पॅनेल, सौर बंब की इलेक्ट्रिक स्कूटर?

पुणे, नाशिक, कोल्हापूर अशा शहरांत स्वतःची गच्ची असलेल्या कुटुंबाला कार्बन उत्सर्जन घटवण्यासाठी एकदाच खर्च करायचा असेल, तर निवड बहुधा सौर विजेची पॅनेल, पाणी तापवणारा सौर बंब आणि इलेक्ट्रिक स्कूटर यांतून करावी लागते. तिन्हींचा हिशेब एकाच मापाने व्हायला हवा: आपल्याकडची बहुतांश वीज अजून कोळशावर तयार होत असल्याने एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो.

तीन किलोवॉटची पॅनेल वर्षाला साधारण ४,००० युनिट देतात, म्हणजे सुमारे २.८ टन उत्सर्जन टळते. २०२४ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत एवढ्या क्षमतेला ७८,००० रुपये अनुदान ठरवलेले आहे. जागा मात्र ३०० चौरस फुटांच्या आसपास लागते, आणि तीही सावली नसलेली.

गच्ची लहान असेल, तर मला सौर बंबच सरस वाटतो. दोन चौरस मीटरचा बंब रोज शंभर लिटर पाणी तापवतो. तेवढे पाणी तीस अंशांनी तापवायला विजेचा गीझर साडेतीन युनिट घेतो, आणि वर्षातले तीनशे दिवस उन्हाचे धरले, तर तेवढ्याच जागेत मावणाऱ्या पॅनेलच्या जवळपास दुप्पट वीज वाचते. सध्या गॅसवर पाणी तापत असेल, तर उत्सर्जनातली बचत निम्म्याहूनही कमी भरते. शिवाय बोअरवेलच्या क्षारयुक्त पाण्याने नळ्यांत पांढरा थर धरतो, आणि चार मजले खाली गरम पाणी पोहोचेपर्यंत पाइपातले बादलीभर गार पाणी आधी काढावे लागते. ते वाया न घालवता धुण्याला वापरावे.

वर्षाला दहा हजार किलोमीटर धावणारी पेट्रोलची स्कूटर सुमारे ५०० किलो कार्बन डायऑक्साइड सोडते; ग्रिडच्या विजेवर चार्ज होणारी इलेक्ट्रिक स्कूटर त्याच्या निम्मा. बचत तिघांत सर्वांत कमी, पण भाड्याच्या घरात राहणाऱ्यांना हाच मार्ग मोकळा असतो.

पॅनेल घ्यायचे ठरले, तर केवळ मे महिन्यातल्या पाहणीवर विसंबू नये. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, सावल्या लांबतात, आणि शेजारच्या पाण्याच्या टाकीची सावली एकाच पॅनेलवर पडली, तरी जोडलेल्या सगळ्या रांगेची वीज घटू शकते. म्हणून शक्य असल्यास करारापूर्वी हिवाळ्यातल्या एखाद्या दिवशी सकाळी नऊ आणि दुपारी तीन वाजता गच्चीवर जाऊन सावलीच्या कडा खडूने आखून घ्याव्यात.