साडेचार हजारांचे वॉटरप्रूफ बूट: पावसाळ्यात शिव्या, केदारकांठ्यावर आशीर्वाद, आणि ती लेस

या ट्रेकिंग बुटांचे स्पेक्स सगळ्यांना माहितीयेत, परत टाइप करत नाही. लिहायला बसलो कारण सर्व्हिसवाल्यांचा मेल आलाय, उजव्या बुटाचं टोकाचं रबर सुटलंय ते वॉरंटीत बसत नाही म्हणे, कारण काय तर बूट पाण्यात जास्त वापरलाय. वॉटरप्रूफ बूट! पाण्यात! मग काय कपाटात पूजेला ठेवायचा होता?

घेतले जूनमध्ये आणि पावसाळाभर नुसत्या शिव्या घातल्या. राजमाचीला जाताना ओढ्यात पाणी वरून आत शिरतं आणि मग तेच मेंब्रेन (बुटातला पाणी अडवणारा पातळ थर) ते बाहेर जाऊ देत नाही, पखाल बांधून चालल्यासारखं, घरी आल्यावर पंख्याखाली ठेवले तरी लवकर वाळत नाहीत. सह्याद्रीत पावसात साधे जाळीचे बूट घ्या, पाणी येतं तसं जातं. याबाबत मी अजून ठाम आहे.

पण मार्चअखेर मित्रांबरोबर उत्तराखंडातला केदारकांठा केला (सांक्री गावाहून, शिखर साधारण 12,500 फूट) आणि मत पार फिरलं. खाली बुरांस (ऱ्होडोडेंड्रॉन) फुललेला, वर अजून भरपूर बर्फ. हा वसंतातला बर्फ फसवा, पहाटे इतका कडक की क्रॅम्पॉनशिवाय (बुटाखाली चढवायचे धातूचे दाते) पाय ठरत नाही, आणि ऊन चढलं की मऊ पडून पाय गुडघ्यापर्यंत आत. बुटांवर गेटर (पोटरीपर्यंतचं आवरण) होते म्हणून वरून काही शिरलं नाही, बाकीचं मेंब्रेनने अडवलं. सम्या स्पोर्ट्स शूजमध्ये आलेला, उतरताना मोजे पिळत होता. माझे फक्त घामाने दमट.

आता लेस. गोल, गुळगुळीत, डबल गाठ मारली तरी सुटणार म्हणजे सुटणार. घरी ठीक आहे हो, वाकलं की बांधली. तिथे लेस गेटरखाली, गेटरवर क्रॅम्पॉनची साखळी, म्हणजे आधी क्रॅम्पॉन काढा, गेटर सोडा, हातमोजे काढा, बधिर बोटांनी गाठ मारा आणि परत सगळं चढवा, तेही अंधारात, चढावर, मागे लाईन खोळंबलेली आणि गाईड 'चलो भैजी' करतोय. त्यात आदल्या दिवशी भिजलेली लेस रात्रीत गोठून तारेगत ताठ. वर पोचलो तेव्हा समोर स्वर्गारोहिणी शिखर सोन्यासारखं चमकत होतं आणि मी खाली बघून गाठ तपासत होतो. एवढं भारी मेंब्रेन लावता आणि लेसमध्ये पैसे वाचवता?

ठाण्यात मोच्याकडून तीस रुपयांची चपटी लेस घेतली, एकदाही सुटलेली नाही. टोकाचं रबरही त्यानेच चिकटवून दिलं, शिवायला मात्र नको म्हणाला, शिवलं की भोकातून पाणी शिरणार. हे त्याला कळतं.

घ्यायचेच असतील तर एक नंबर मोठे घ्या, जाड मोज्यांना जागा लागते. सेलमध्ये साडेतीन हजारांच्या आत मिळाले तरच, त्यावर एक रुपया देऊ नका.